हुमणीचं वर्ष : प्रकल्प नोंदी

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कीटक म्हणजे झुरळ. पोरं झुरळाच्या हृदयाचे १३ कप्पे, श्वसनरंध्रांच्या १० जोड्या घडाघडा म्हणून दाखवतात. घरच्या शेतात ऊस कोण खातंय असं विचारलं की मात्र "किडा, सर" एवढंच उत्तर येतं. म्हणून यंदा प्रकल्पाला हुमणी घेतली, म्हणजे मातीत राहून पिकाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी. जागा : बार्शी तालुक्यातलं आमचं शेत. मध्यम जमीन, विहिरीवरचा ऊस, बांधापलीकडे सोयाबीन. शेत दादा बघतो. मी कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी शेतात लुडबुड करतो. हुमणीच्या जाती बऱ्याच आहेत. आमच्याकडची होलोट्रिकिया सेराटा. नोंदी सप्टेंबरपासून सुरू होतात, कारण शेतकऱ्याला हुमणी दिसते ती सप्टेंबरात.

८ सप्टेंबर

ओढ्याकडच्या सऱ्यांत ऊस पिवळा पडलाय. पाणी कमी पडलं असेल म्हणून दादानं परवा पाणी दिलं, पण फरक नाही. आज एक बेट धरून ओढलं तर अख्खं उपटून हातात आलं. खाली तंतुमुळं नावालाही शिल्लक नाहीत, नुसती कुरतडलेली खुंटं. बुडाच्या मातीत चार अळ्या, बोटभर जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या.

दादा म्हणाला, "आठ दिवसांत एवढी झाली बघ." आठ दिवसांत झालेली नाही. जूनपासून इथंच आहे ती. प्रकल्पाचा सगळा मुद्दा तोच आहे, पण तो दादाला आज पटवायला गेलो असतो तर उपटलेलं बेट माझ्याच अंगावर आलं असतं. अळ्या माती घातलेल्या डब्यांत घेऊन आलो.

१० सप्टेंबर

मुलांना घरून "हुमणी" आणायला सांगितलं होतं. निम्म्या जणांनी उकिरड्यातून आणली. दिसायला तशीच, उलट जास्तच धष्टपुष्ट. सगळ्या अळ्या स्टीलच्या ताटात सोडल्या आणि मुलांना नुसतं बघत बसायला सांगितलं. शेतातल्या अळ्या कुशीवर पडून पाय मारत राहिल्या. उकिरड्यातल्या काही अळ्या मात्र चक्क पाठीवर उलट्या झाल्या आणि पाय आभाळाकडे करून पाठीच्या आकुंचनावर सरळ रेषेत ताटाच्या कडेपर्यंत चालत गेल्या. वर्गात एकच दंगा. ह्या अळ्या फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या. सडकं शेणखत खातात, पिकाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यात दोन-तीन गेंडा भुंग्याच्या अळ्याही होत्या, त्या पाठीवर चालत नाहीत.

भिंगातून बघायची दुसरी खूण मागच्या टोकाला आहे. गुदद्वाराची चीर हुमणीच्या गटात वाय किंवा व्ही अक्षरासारखी फाटलेली असते. गेंडा भुंगा आणि फुलभुंगेऱ्यांच्या अळ्यांत ती आडवी, सरळ असते. शेणखतात पांढरी अळी दिसली म्हणून अख्ख्या खतावर औषध ओतणारे लोक आमच्या गावात आहेत. त्यांच्यासाठी हे ताट ग्रामपंचायतीसमोर मांडायला हवं.

१५ सप्टेंबर

आज शरीररचना. एक अळी पाण्यात स्वच्छ धुऊन काचेवर.

डोकं तपकिरी, कडक. डोळे नाहीत. मातीच्या पोटात राहणाऱ्याला ते कशाला हवेत? जबडे काळे, आखूड, आणि वरून खाली नव्हे तर दोन बाजूंनी आत मिटणारे. काडी पुढे केली की ती घट्ट धरते आणि काडीबरोबर उचलली जाते. डोक्यामागे वक्षाचे तीन खंड, प्रत्येकावर पायांची एक जोडी. मुलांना इथं थांबवून मोजायला लावलं : सहा. झुरळाचे सहा, हुमणीचे सहा, उद्या तिचा भुंगेरा झाल्यावर पुन्हा सहाच. त्यामागे दहा खंडांचं उदर.

दोन्ही कडांना तपकिरी ठिपक्यांची रांग दिसते. ती श्वसनरंध्रं. हुमणीला त्यांच्या ९ जोड्या : एक वक्षावर, आठ उदरावर. झुरळाच्या १० पाठ असल्यामुळे एक जोडी गेली कुठे म्हणून मुलं शोधत बसली. शोधू दिलं. पुस्तकातला आकडा प्रत्यक्षात मोजून बघावा लागतो हे त्या निमित्तानं कळलं तरी पुरे. प्रत्येक ठिपका भिंगाखाली पूर्ण गोल नसतो. चाळणीसारखी बारीक भोकं असलेली तपकिरी चकती एका बाजूला तुटलेली असते. ही चाळणी आहे म्हणून मातीचा कण आत जात नाही.

आणि सगळ्यांना आवडलेली गोष्ट : पाठीची कातडी अर्धपारदर्शक असल्यानं मधोमध एक नळी धडधडताना दिसते. तेच हृदय. लाट मागून पुढे जाते. ह्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचं काम नसतं, ते काम श्वासनलिका परस्पर करतात; म्हणून रक्त लाल नाही. मागचा फुगलेला काळसर भाग म्हणजे आजार नव्हे, ते आतडं. त्यात जिवाणू मुळांचा चोथा आंबवून पचवतात. मुळांसारख्या रुक्ष खाण्यावर एवढी चरबी चढते ती त्यांच्यामुळे.

१९ सप्टेंबर

एका डब्यात दोन अळ्या ठेवल्या की सकाळी एकीच्या अंगावर काळा चावा असतो आणि चाव्याची अळी जगत नाही. आता प्रत्येकीला वेगळा डबा. खाणं गाजराच्या चकत्या. माती ओलसर, पण मुठीत दाबल्यावर पाणी सुटेल एवढी नाही.

२९ सप्टेंबर

उशिरानं जन्मलेली एक अळी तीन अवस्थांपैकी अजून दुसऱ्या अवस्थेत होती. तिनं आज कात टाकली, आणि ती नेमकी तासाला सुरू असताना सापडली.

जुन्या डोक्याची कवटी मधोमध उभी उकलली. आतून आलेलं नवं डोकं पांढरंशुभ्र, ओलसर आणि जुन्याच्या जवळजवळ पावणेदोनपट मोठं. शरीर मात्र होतं तेवढंच, त्यामुळे अळी काही तास डोईजड दिसते. संध्याकाळपर्यंत डोकं पिवळं, रात्री तपकिरी. काढून ठेवलेली कात पाण्यात पसरली तर कडेच्या प्रत्येक श्वसनरंध्रापाशी पांढरे बारीक धागे लोंबत होते. हे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर. कीटक कात टाकतो तेव्हा बाहेरचीच नव्हे, आत शरीरभर पसरलेल्या नळ्यांची कातही ओढून काढतो. मी इतकी वर्षं शिकवलं होतं, बघितलं आज. एका मुलीनं विचारलं, "सर, तेवढा वेळ श्वास कसा घेते?" जुन्या अस्तराभोवती नवं आधीच तयार झालेलं असतं, एवढं सांगितलं. प्रश्न मात्र फळ्यावर लिहून ठेवलाय.

डोक्याची रुंदी हे वय ओळखायचं उत्तम माप आहे. अंग खाण्यानं फुगतं, डोक्याची कवटी फक्त कात टाकतानाच वाढते. हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांची डोकी मोजून दाखवलं की प्रत्येक कातीला रुंदी ठरावीक पटीनं वाढते. आमच्या डब्यांतली मापं : दुसऱ्या अवस्थेत तीन मिलीमीटरच्या आतबाहेर, तिसऱ्यात पाचच्या आसपास. मधलं काही नाही. शेतातून आज आणलेल्या बाकी सगळ्या अळ्या पाचवाल्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या, सगळ्यात खादाड आणि औषधाला सगळ्यात कमी दाद देणाऱ्या.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, पूर्वी फोरेट टाकलं की काम व्हायचं. फोरेट ह्या कीटकनाशकावर २०२० च्या डिसेंबरअखेरपासून बंदी आहे, आणि तेव्हाही सप्टेंबरात टाकलेलं फोरेट हुमणीपेक्षा विहिरीच्या पाण्यालाच जास्त पोचत असणार, असं माझं मत. वाद तिथंच थांबवला. जेवायचं होतं.

१२ नोव्हेंबर

दोन डब्यांतल्या अळ्या मेल्या. एक काळी पडून पिचपिचीत झाली, वास मारत होती. दुसरी उलट कडक, वाळलेली, अंगावर पांढरी बुरशी. दुसरी ओल्या कापसावर झाकून ठेवली.

१८ नोव्हेंबर

पांढऱ्या बुरशीवर गर्द हिरवी पूड धरलीय : मेटारायझियम. हिचा बीजाणू अळीच्या पोटात जावा लागत नाही. कातडीला चिकटतो, तिथंच रुजतो आणि कायटिनचं कवच भेदून आत शिरतो. ज्या कवचाच्या जोरावर कीटकांनी जग जिंकलं त्यालाच भोक पाडणारी ही बुरशी. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांत ती शोधली आणि कीड मारायला वापरून बघितली. तो भुंगेरा हुमणीच्याच कुळातला. मेचनिकॉव्ह पुढे पांढऱ्या पेशींच्या कामासाठी १९०८ चं नोबेल घेऊन गेले, ते पुस्तकात आहे. बुरशीचं नाही.

हिरवी अळी फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर वहिनींनी दारातच अडवलं. कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवली.

१४ डिसेंबर

खाणं बंद. गाजर तसंच वाळतंय. मागचा काळा भाग गेला, आतडं रिकामं केलंय. अळी आता एकसारखी पिवळसर, सुरकुतलेली. डब्याच्या तळाशी अंगानं माती दाबून दाबून गुळगुळीत भिंतींची खोली केलीय. शेतात हीच खोली दीड-दोन फूट खाली असते. कुदळीनं खणून बघितलं, वरच्या वीतभर मातीत आता एकही नाही. दादा खूश, "गेली की रं हुमणी." खाली गेलीय.

२३ डिसेंबर

पहिला कोष. फुलपाखराचा कोष मुलांनी बघितलेला असतो, त्यात सगळे अवयव एका आवरणाखाली चिकटलेले असतात. भुंगेऱ्याच्या कोषात तसं नाही : पाय, मिशा, पंखांचे कोवळे फाळके सुटे, पोटाशी दुमडून ठेवलेले, मोजता येतात. सकाळी दुधी, आठवड्यात फिकट तपकिरी. स्पर्श केला की पोट गोल गोल फिरवतो, एवढीच हालचाल.

आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. अळीचे स्नायू, आतडं मोडून त्याच मालातून नवं बांधकाम सुरू असतं. झुरळाला ही भानगडच नाही. त्याचं पिल्लू लहानपणापासून झुरळासारखंच दिसतं आणि १३ वेळा कात टाकत थोरलं होतं. हुमणीच्या काती फक्त चार : दोन अळीच्या आयुष्यात, एक कोषात जाताना, एक कोषातून निघताना. कात टाकायचा हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. १९५४ मध्ये ब्यूटेनांट आणि कार्लसन यांनी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष लागले आणि हाती आलं २५ मिलीग्रॅम. "म्हणजे चिमूटभर पण नाही" हे वर्गातलं भाष्य. त्याच्या जोडीला दुसरं संप्रेरक असतं, ज्याला बाल संप्रेरक म्हणतात. ते भरपूर असेल तर कात टाकून पुन्हा अळीच निघते. ते ओसरलं की कोष होतो.

२१ जानेवारी

कोषातून भुंगेरा. आधी पुढचे पंख पांढरे, मऊ, त्यांतून आतले मागचे पंख दिसतात. दुसऱ्या दिवशी लालसर तपकिरी आणि टणक. लांबी दोन सेंटिमीटरच्या आगेमागे.

आता गंमत अशी की हा प्राणी आज पूर्ण तयार आहे. पंख आहेत, मिशा आहेत, अजून वाढायचं काही राहिलेलं नाही. तरी तो बाहेर येत नाही. आणखी चार महिने, काही न खाता, अळीपणी साठवलेल्या चरबीवर मातीत बसून राहील. बाहेर येऊन करणार काय? जमीन वाळलेली, अंडी कोरड्या मातीत सुकतात. पिल्लांना कोवळी मुळं लागतात, ती पावसानंतर. युरोपातला ह्याचा चुलत भाऊ मेलोलोंथा तीन-चार वर्षं जमिनीत काढतो. आमच्याकडचा सगळा खेळ एका वर्षात बसवतो.

फेब्रुवारी, मार्च : डबे सावलीत. नोंद करण्यासारखं काही नाही. परीक्षा.

२२ एप्रिल

शेजारच्या पडीक रानात ट्रॅक्टरनं खोल नांगरट. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे. फाळानं उलटलेल्या ढेकळांतून भुंगेरे बाहेर पडतात आणि उडायच्या आत संपतात. बगळा ढेकूळ ठोकरून बघतो, हे नवीन कळलं. आमच्या उसात खोडवा धरलाय, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून तेच पीक पुन्हा, तिथं नांगर चालणार नाही. खोडव्यात हुमणी जास्त का, त्याचं निम्मं उत्तर इथं मिळतं.

२७ मे

दुपारी वळीव. चांगला झोडपून पडला, सरींत पाणी साचलं. संध्याकाळी सव्वासातला बांधावरच्या कडुलिंबाखाली मुलांसह हजर. साडेसातच्या आत सुरू झालं : आधी जमिनीलगत भणभण, मग एकेक भुंगेरा मातीतून वर, अंधारात अंगावर आपटत सरळ लिंबाकडे. बॅटरी लावली तर फांदीफांदीला जोड्या, मादी पान धरून, नर तिच्या मागे उलटा लटकलेला. मिलन उरकलं की पानं खायला सुरुवात. खाली उभं राहिलं तर कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो. रात्रभर खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत.

लांब वेळूला आकडा बांधून फांद्या हलवल्या, खाली ताडपत्री. पडलेले भुंगेरे डिझेल टाकलेल्या पाण्याच्या घमेल्यात. विहिरीवर लावलेल्या बल्बच्या सापळ्यातही आले, पण लिंबाच्या मानानं काहीच नाही. सापळ्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा लिंब हलवून बघावा.

२८ मे

भुंगेरा भिंगाखाली. मिशीच्या टोकाला तीन पात्या आहेत. विश्रांतीत मिटलेल्या, हवेत वास हुंगताना उघडलेल्या. वास घेणारे सूक्ष्म अवयव ह्या पात्यांवर असतात. राजस्थानात भुईमुगाला छळणाऱ्या होलोट्रिकियाच्या दुसऱ्या जातीची मादी सोडते तो गंध म्हणजे मिथॉक्सी बेन्झीन, साधं रसायन. त्यानं भुंगेरे ठरावीक झाडांवर गोळा करून मारतात. पुढच्या पायांच्या नळीवर बाहेरच्या कडेला दाते, माती उकरायला. कडक पुढचे पंख उडताना बाजूला धरलेले. जोर मागच्या पातळ पंखांचा, जे पुढच्यांपेक्षा लांब असून आडवी घडी घालून आत सारलेले असतात. घडी उलगडून पुन्हा घालायचा प्रयत्न मुलांनी चिमट्यानं केला. जमला नाही कुणाला.

आजही गेलो लिंबाखाली, आणि पुढचे काही दिवस जायचंय. पण शेजारच्या तिन्ही बांधांवरचे लिंब आणि बाभळी तशाच उभ्या आहेत. मादी बांध मोजत नाही. एकट्यानं केलं तर मजुरी वाया, अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात केलं तर वर्षभराचं काम. हे काल रात्री पारावर बोललो. "सर, पेरणीच्या घाईत भुंगेरे कोण हलवणार?" असं उत्तर आलं. दोघं जण मात्र आज वेळू घेऊन आले.

११ जून

कुंडीत सोडलेल्या माद्यांची अंडी. ओल्या मातीत चार बोटं खोल, एकेक सुटं, प्रत्येकाभोवती मातीचा बारीकसा कप्पा. नवं अंडं लांबोडकं. दोन-तीन दिवसांत मातीतलं पाणी शोषून भिजवलेल्या साबुदाण्याएवढं टपोरं, गोल होतं. पाण्याशिवाय अंडं वाढतच नाही, म्हणून सगळं वळवावर अडलेलं. मुद्दाम कोरड्या मातीत ठेवलेली अंडी चेपून गेली.

२० जून

अंड्याच्या कवचातून दोन तपकिरी ठिपके दिसू लागले : आतल्या अळीच्या जबड्यांची टोकं. बाकी सगळं पारदर्शक.

२२ जून

पहिल्या अळ्या. डोकं दीडएक मिलीमीटर. आधी कुजका पालापाचोळा, शेणखत खातात, मग केसांसारखी मुळं. उसाच्या मुळाला ह्यांनी अजून तोंडही लावलेलं नाही. बेट उपटून बघितलं असतं तर दादाला काहीही दिसलं नसतं.

५ जुलै

डबा घेऊन दादाकडे गेलो. भिंग दिलं हातात. बराच वेळ बघून म्हणाला, "हीच का ती?" हीच. सप्टेंबरातल्या अळीसमोर नखाएवढी, कवच पातळ, जमिनीच्या वरच्या थरात, आणि माती ओली. बुरशीला ह्याहून सोयीची वेळ वर्षात दुसरी नाही. मेटारायझियम चाळलेल्या शेणखतात कालवून, ओल धरून, सावली बघून संध्याकाळी ओढ्याकडच्या सऱ्यांत टाकलं. शेजारच्या तितक्याच सऱ्या मुद्दाम तशाच सोडल्या. हे दादाला अजिबात आवडलेलं नाही. "तुझ्या प्रयोगासाठी माझा ऊस का खाऊ घालायचा?" शेवटी तुलनेच्या सऱ्या कमी करून तोडगा काढला.

सप्टेंबरात दोन्हीकडची बेटं खणून अळ्या मोजायच्या आणि डोकी मापायची. कुठली बेटं खणायची ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. मी निवडली तर बुरशीच्या बाजूची बरी बेटं निवडीन असं दादाचं म्हणणं, आणि त्यानं निवडली तर उलटं होईल असं माझं. चिठ्ठ्या मुलं काढतील.